मोठा टेम्पो घेण्याआधी तीन महिन्यांची वही

ईदचा किंवा लग्नसराईचा हंगाम चांगला गेला की आमच्या बाजारात एक विचार हमखास डोके वर काढतो. गल्ल्यात चार पैसे शिल्लक असतात, ऐन गर्दीत भाड्याच्या टेम्पोवाल्याने दिलेला त्रास ताजा असतो, आणि माणूस म्हणतो, आता स्वतःचीच मोठी गाडी घेऊन टाकावी. गेल्या हंगामानंतर शहागंजमधील एक तरुण दुकानदार असेच कोटेशनचा कागद घेऊन आमच्याकडे आले. चौदा फुटी हौदा, बंद बॉडी, चार टनांच्या आसपास पासिंग. त्यांचा प्रश्न एवढाच होता की, चाचा, या कंपनीची घेऊ की त्या कंपनीची? आम्ही त्यांना उलट विचारले, बेटा, तुमच्या एका खेपेचा माल किती किलो भरतो आणि किती घनफूट जागा घेतो? त्यांना उत्तर देता आले नाही. त्यात त्यांचा दोष नाही. २०१४ साली आम्हालाही ते देता आले नव्हते, आणि त्याची किंमत आम्ही अडीच वर्षे फेडत होतो.

आमचा धंदा कापडाचा. शिक्षण उर्दू माध्यमातले, मोटारीच्या विद्येत आम्ही कोरे. तेव्हा कोणते इंजिन चांगले आणि कोणत्या कंपनीचे पार्ट स्वस्त, हे आम्हाला विचारू नये. त्यासाठी गॅरेजवाले मिस्त्री आहेत. आम्ही सांगणार आहोत ते गाडीच्या आधीचे, म्हणजे दुकानदाराच्या वहीतले. चूक तिथेच होते असा आमचा अनुभव आहे.

आजच्या पिढीला एक गोष्ट ठाऊक नसेल. मालाच्या कोणत्याही गाडीला आपण टेम्पो म्हणतो, पण ते मुळात जर्मनीतील हॅम्बुर्गच्या एका मोटार कारखान्याचे नाव. त्याच्या परवान्यावर १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने आपल्याकडे तीनचाकी गाडी बनवली आणि नाव बाजाराच्या तोंडी बसले. ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते, पण टेम्पो शब्द काही गेला नाही. आमच्या वडिलांच्या काळी व्यापाऱ्यापुढे निवड अशी नव्हतीच. थोडा माल असेल तर हातगाडी किंवा तीनचाकी, जास्त असेल तर मॅटॅडोर, त्याहून जास्त असेल तर ट्रान्सपोर्टच्या ट्रकमध्ये बिल्टी. १९८६ मध्ये टाटाची ४०७ आली. त्याच सुमारास टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी या जपानी कंपन्यांच्या सहकार्याने बनलेल्या मिनी ट्रकही आल्या. २००५ च्या मे महिन्यात टाटा एस आली आणि लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले. आज पाऊण टनापासून पाच टनांपर्यंत प्रत्येक पायरीवर एक गाडी उभी आहे. निवड वाढली तशी चुकण्याची जागाही वाढली.

आमची चूक

२०१४ च्या रमजान ईदचा हंगाम आम्हाला फार चांगला गेला. त्या दोन महिन्यांत भाड्याचे बिल महिन्याला ४८,००० रुपयांवर गेले होते. आम्ही ते दोन आकडे पाहिले आणि ठरवले की एवढ्यात तर गाडीचा हप्ता निघून वर चार पैसे उरतील. बाकी दहा महिन्यांची बिले काढून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. नंतर पाहिली, तेव्हा वर्षाची सरासरी महिन्याला २१,००० निघाली. डिझेल, ड्रायव्हर, पंक्चर, सगळे त्या २१,००० मध्येच होते.

गाडी ९,४०,००० ची पडली. २,४०,००० रोख भरले, ७ लाखांचे कर्ज झाले, हप्ता १९,५०० रुपयांचा, मुदत ४८ महिने. ड्रायव्हरचा पगार ९,०००. विमा, कर आणि पासिंगचा वर्षाचा खर्च महिन्यांत वाटला तर ४,०००. रात्री गाडी उभी करायला जागा लागते, ती १,००० रुपयांनी घेतली. म्हणजे एक लिटर डिझेल जाळण्यापूर्वीच महिन्याचे ३३,५०० रुपये ठरलेले. माल असो वा नसो.

आणि माल नव्हता. त्या वर्षी पाऊस कमी झाला, पुढच्या वर्षी त्याहून कमी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. मराठवाड्याच्या खेड्यातला ग्राहक पावसावर कपडा घेतो. सिल्लोड, फुलंब्री, पैठणकडील आमच्या किरकोळ दुकानदारांची उधारी अडकली आणि नवा माल उठेना. त्यातच नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी आली. गाडी महिन्यातून नऊ-दहा दिवस चालायची, बाकीचे दिवस ताडपत्री ओढून उभी. इतरांचा माल भाड्याने वाहून पाहिला, पण भाड्याचा धंदा हा स्वतंत्र धंदा आहे. त्याची माणसे, त्याचे फोन, त्याची रात्रीची जागरणे वेगळी. कापडाच्या गादीवर बसून तो होत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये आम्ही ती गाडी ५,१०,००० ला विकली. कर्जाचे राहिलेले ३,१०,००० फेडून हातात २ लाख आले. तोवर रोख आणि ३० हप्ते मिळून ८,२५,००० गेले होते. ६,२५,००० चा खड्डा. महिन्याला भागून पाहा, २०,८०० रुपये होतात. जेवढ्यात पूर्वी सगळा माल घरपोच होत होता, जवळपास तेवढेच पैसे आम्ही फक्त गाडी दारात उभी ठेवण्याचे दिले. ड्रायव्हर आणि डिझेल त्यावर वेगळे.

पैशाचे दुःख निघून जाते. एक गोष्ट मात्र अजून सलते. हप्ता तारखेला जायलाच हवा, चेक परत गेला तर दंड. म्हणून ज्यांचा तगादा मऊ होता त्यांचे पैसे आम्ही मागे ठेवत गेलो. मालेगावचे एक कारखानदार होते, बारा मागांचे. कारखानदार म्हणायचे एवढेच, स्वतः माग चालवणारा माणूस. पंचेचाळीस दिवसांच्या वायद्याचे त्यांचे १,४०,००० रुपये आम्ही चार महिने दिले नाहीत. एके दिवशी ते स्वतः एस.टी.ने आले, दुकानात बसले, चहा घेतला आणि एवढेच बोलले की शेठ, कामगारांची मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते, त्यांना वायदा सांगता येत नाही. आवाज चढवला नाही. बाहेर आमची गाडी उभी होती, ती त्यांनी येताना पाहिली असणारच. पुढे पैसे दिले, पण त्यानंतर त्यांचा माल आम्हाला रोखीनेच मिळाला. वीस वर्षांची साख होती.

वजन आणि जागा

आता मुद्द्याकडे येऊ. गाडी विकल्यावर आम्ही जुन्या पावत्या आणि बिल्ट्या काढून तीन महिन्यांच्या खेपा एका वहीत उतरवल्या. एकूण ६२ खेपा. त्यांतील ४९ खेपांचा माल ९०० किलोच्या आत होता. ९ खेपा त्याहून जास्त, पण दोन टनांच्या आत. दोन टनांच्या वरच्या फक्त ४. आम्ही गाडी घेतली त्या चार खेपांसाठी आणि खायला घातले बासष्ट खेपांना.

वजनाबरोबर जागाही मोजावी लागते. गाडीचे दोन हिशेब असतात. एक पासिंगचा, म्हणजे किती किलो. दुसरा हौद्याचा, म्हणजे किती घनफूट. तुमचा माल यांपैकी कोणता हिशेब आधी संपवतो हे कळल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नये. उदाहरण आमच्याच दुकानाचे देतो.

समजा एक पिकअप आहे, पासिंग १,३०० किलो. बॉडी आतून नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, सहा फूट उंच. गुणाकार २९७ घनफूट. कापडाच्या ताग्यांची आमची गाठ अडीच फूट बाय दोन फूट बाय दीड फूट असते, साडेसात घनफूट, वजन ७० किलो. अशा १८ गाठी भरल्या की १,२६० किलो झाले, पासिंग संपले. जागा किती लागली? १३५ घनफूट, निम्मीसुद्धा नाही. वर मोकळा हौदा दिसतो, हमाल म्हणतो आणखी सहा टाकू, आणि माणूस ओव्हरलोडमध्ये जातो.

आता त्याच गाडीत तयार कपड्यांचे खोके भरा. तीन बाय दोन बाय दोन फुटांचे खोके, बारा घनफूट, वजन २५ किलो. कागदावर भागाकार केला तर २४ खोकी बसायला हवीत. प्रत्यक्षात एका थरात सात बसतात, चार आडवी आणि तीन उभी, बाजूला फट राहते. असे तीन थर, २१ खोकी. वजन ५२५ किलो. गाडी छतापर्यंत भरली, पण पासिंगचा निम्मा भागही वापरला गेला नाही. म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानदाराला जास्त टनांची गाडी नको, उंच आणि लांब बॉडीची हवी. कापडवाल्याला, भांडीवाल्याला, लोखंडाच्या कपाटवाल्याला मोठी बॉडी नको, दमदार पाट्यांची गाडी हवी. गादी-रजईवाल्यांचा हिशेब तर खोक्यांच्याही पलीकडचा. तिथे वजनकाट्याची गरजच नाही, फक्त फूटपट्टी घ्यावी.

शोरूममधील माणूस हे सांगणार नाही, कारण तो विचारतच नाही. तो हप्ता किती झेपेल ते विचारतो.

आपली गल्ली, आपला घाट

आमचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. १६१० साली मलिक अंबरने वसवलेल्या या गावाचे दरवाजे आणि गल्ल्या पालखी, घोडे आणि बैलगाडीच्या मापाच्या आहेत. खाम नदीवरचे महमूद दरवाजा, मकाई दरवाजा आणि बारापुल्ल्याकडचे जुने पूल पाहा, समोरून रिक्षा आली तरी थांबावे लागते. कमानीची गंमत अशी की मध्यभागी ती उंच असते आणि कडेला खाली येते. गाडीची उंची मध्यभागी मोजून ड्रायव्हर आत घालतो आणि बंद बॉडीचा वरचा कोपरा दगडाला घासतो. आमच्या गाडीचा घासला आहे. घाई आमचीच होती, ड्रायव्हरला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

गुलमंडी, सिटी चौक, रंगारगल्ली, कासारी बाजार या भागांत ज्यांचे दुकान आहे त्यांनी गाडी घेण्यापूर्वी तशाच मापाची गाडी एक दिवस भाड्याने आणून दुकानापर्यंत नेऊन पाहावी. चौदा फुटी गाडी दिवसा आत येत नाही, आली तर वळत नाही. मग माल मोंढ्याजवळ उतरवायचा, तिथून हातगाडी किंवा छोटा हत्ती, म्हणजे दुहेरी हमाली. आमच्या पहिल्या गाडीच्या हिशेबात ही हमाली आम्ही धरलीच नव्हती. शिवाय दिवसा जड वाहनांना शहरात बंदीच्या वेळा असतात, त्या वाहतूक शाखेकडून विचारून घ्याव्यात. रात्री दहाला माल आला तर हमाल जास्त घेतो, आणि दुकान उघडायला घरचा माणूस जावा लागतो.

गावाबाहेरचा रस्ताही पाहावा. मालेगावला येवला-मनमाडवरून जाता येते किंवा कन्नड-चाळीसगाववरून. दुसऱ्या वाटेवर औट्रम घाट आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस तिथे दरडी कोसळल्या होत्या, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना त्या घाटातून बंदी झाली. सुरतचा माल धुळ्यावरून आणणाऱ्यांना हे चांगलेच माहीत आहे. मोठी गाडी घेतली की अशा प्रत्येक बंदीत आपण सापडतो आणि लांबचा फेरा पडतो. छोटी गाडी पुष्कळ ठिकाणांहून निसटते. तिच्या उलट तीनचाकीचे आहे. ती गल्लीत राणी, पण समृद्धी महामार्गावर तिला प्रवेशच नाही.

कागदपत्रे

या भागात आम्ही थोडक्यात लिहितो, परंतु वाचकांनी सावकाश वाचावे.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे ज्या मालगाडीचे एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३,००० किलोपेक्षा जास्त नाही तिला परमिट लागत नाही. पिकअपमध्ये काही मॉडेल या रेषेच्या आत आहेत, काही बाहेर. दिसायला भाऊ-भाऊ. आरसीवर काय आकडा येणार हे बुकिंगपूर्वी लेखी विचारावे. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स चालते की नाही यावर विमा कंपन्या वर्षानुवर्षे भांडत होत्या. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चालते असा निकाल दिला. तरी ड्रायव्हरचे लायसन्स चालू आहे की संपले, हे मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० अशी तरतूद आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेण्याचा अधिकार आहे. रस्त्यावर उतरवलेल्या कापडाची काय दशा होते ते सांगायला नको. हौदा मोकळा आहे म्हणून माल टाकणाऱ्यांनी वर सांगितलेला १८ गाठींचा हिशेब पुन्हा पाहावा.

विम्याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे. गाडी उलटली आणि चार लाखांचा माल भिजला तर गाडीच्या पॉलिसीतून मालाचे काही मिळत नाही. माल वाहतुकीचा विमा वेगळा काढावा लागतो. दुसरे त्याहून गंभीर. आपल्याकडे गाडी दारात आली की लग्नाला, जनाजाला, जलशाला तीच निघते. हौद्यात सतरंजी टाकून वीस माणसे बसवतात. मालगाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय आहेत. अपघात झाला तर त्या वीस घरांचे देणे मालकाच्या अंगावर येते. नातेवाईक रुसले तरी चालतील, नाही म्हणावे. आम्ही सख्ख्या मेहुण्याला नाही म्हटले होते. ते सहा महिने आमच्याकडे आले नाहीत.

जीएसटीत नोंदणी असलेल्यांसाठी एक फायद्याची गोष्ट. मालवाहू गाडीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. शिवाय प्रवासी मोटारीवरच्या कराचे क्रेडिट बहुतेक व्यापाऱ्यांना मिळत नाही, पण स्वतःच्या धंद्यासाठी घेतलेल्या मालवाहू गाडीवरच्या कराचे मिळते. ८ लाखांच्या गाडीवर १,४४,००० ही लहान रक्कम नव्हे. मात्र कंपोझिशन योजनेत असलेल्यांना हे क्रेडिट नाही, आणि ज्या कराचे क्रेडिट घेतले त्यावर घसारा धरता येत नाही. गाडी दुकानाच्या जीएसटी नंबरवर घेतली तरच हे सगळे. मुलाच्या नावावर हौसेने घेतली तर गेले. ई-वे बिलाचेही तसेच. गाडी स्वतःची आहे म्हणून ते लागत नाही असे समजू नये. राज्याबाहेरून ५०,००० वरचा आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावरचा माल असेल तर बिल हवे, आणि त्यात स्वतःच्या गाडीचा नंबर भरावा लागतो.

पैसा कोठून आणावा

व्याजाच्या धार्मिक बाजूवर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, ते आलिमांना विचारावे. आम्ही फक्त दुकानदार म्हणून सांगतो की, ठरलेल्या तारखेचा हप्ता आणि न ठरलेल्या तारखेची उधारी यांची गाठ घालू नये. ज्यांचा माल रोखीने जातो त्यांची गोष्ट वेगळी.

२०१८ मध्ये आम्ही दुसरी वाट धरली. आमचे साडू तयार कपड्यांचे घाऊक विक्रेते आहेत. त्यांच्या मालाला जागा लागते, आमच्या मालाला वजन. दोघांनी १,८०,००० घातले आणि तीन वर्षे चाललेली एक पिकअप ३,६०,००० ला रोखीने घेतली. खाली आमच्या दहा गाठी, ७०० किलो; वर त्यांची चौदा खोकी, ३५० किलो. एकूण १,०५० किलो आणि २४३ घनफूट. पासिंगही बसले, हौदाही भरला. दोघांपैकी एकट्याला ही गाडी कधीच पुरती वापरता आली नसती.

नातेवाईकांची भागीदारी म्हणून लोक लिहायला लाजतात. आम्ही स्टॅम्पपेपरवर लिहिले. आरसी एकाच्या नावावर असते, म्हणून दुसऱ्याचा निम्मा हिस्सा कोठेतरी नोंदलेला हवा. कोणता दिवस कोणाचा, डिझेल कोणी भरायचे, दंड ज्याच्या खेपेत झाला त्याचा, एकाला बाहेर पडायचे असेल तर किंमत कशी ठरवायची, आणि अल्लाह न करो, एकाचा इंतकाल झाला तर वारसांना काय मिळेल, हे सर्व. त्या कागदाने भांडण टाळले असे नाही, भांडण दोन वेळा झाले. पण दोन्ही वेळा कागद काढून वाचला आणि जेवायला बसलो.

दर महिन्याला दोघांनी ४,५०० रुपये वेगळे ठेवले, पुढच्या गाडीसाठी. ४८ महिन्यांत ४,३२,००० जमले. २०२२ मध्ये जुनी गाडी २,१०,००० ला गेली आणि ६,४२,००० मध्ये दोन वर्षांची पिकअप आली. कोणाचा हप्ता नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात, बाकीच्या मिस्त्रीवर सोडाव्यात. पहिली, मागचे पाटे मोजावेत. कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्त पाटे घातलेले दिसले तर गाडी आयुष्यभर ओव्हरलोड चालली असे समजावे, मग रंग कितीही ताजा असो. दुसरी, चेसिसवरचा नंबर आरसीशी जुळवून पाहावा आणि चेसिसला कोठे वेल्डिंग झाले आहे का ते खाली वाकून पाहावे. तिसरी, आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकलेले चलन आणि राहिलेला कर ऑनलाइन दिसतो, तो मुलांकडून पाहून घ्यावा. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावा लागतो, म्हणून सात वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तरी पुढचा खर्च धरूनच बोली लावावी.

कारागीर बांधवांसाठी वेगळे दोन शब्द. हिमरू विणणारे, शिलाई कारखानेवाले, फर्निचरवाले यांच्यातील अनेकजण घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत सीट काढून माल नेतात. पोलिसाने सोडले तरी अपघातात विमा कंपनी सोडत नाही. रोजचा फेरा शहरातच साठ-सत्तर किलोमीटरचा असेल तर तीनचाकी मालवाहू पुष्कळ झाली. ती आपल्याच वाळूजला बनते, पार्ट कोपऱ्यावर मिळतात. जाफर गेटच्या रविवार बाजारात आणि छावणीच्या बाजारात दुकान मांडणाऱ्यांना याहून मोठे काही लागते असे आम्हाला वाटत नाही. फर्निचरवाल्यांनी मात्र हौद्याची लांबी पाहावी. साडेसहा फुटी पलंग सात फुटी हौद्यात बसतो, पण कपाट उभे बांधले तर वरून तारा आडव्या येतात.

गर्दीच्या दिवसांचे काय, असे शहागंजच्या त्या तरुणाने विचारले. त्याचे उत्तर असे की रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात आम्ही आजही चौदा फुटी गाडी भाड्याने लावतो, गेल्या हंगामात अकरा दिवस लावली. टेम्पोवाल्याशी शाबानमध्येच बोलणे करून बयाणा देतो, म्हणजे ऐन वेळी तो दुसरीकडे जात नाही. भाडे महाग पडते. अकरा दिवस पडते.

त्यांना आम्ही एक साधी वही दिली आणि रकाने आखून दिले. तारीख, कोठून कोठे, किती किलो, किती नग आणि नगाचे माप, भाडे किती दिले, परत येताना गाडी रिकामी की भरलेली, आणि गाडीसाठी किती तास थांबावे लागले. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे, कारण स्वतःची गाडी घेण्याचे खरे कारण पुष्कळदा भाडे नसून ते थांबणे असते. ज्याचे थांबणे खरोखर मोठे निघेल त्याने गाडी जरूर घ्यावी. दोन महिने झाले, वही चालू आहे. कोटेशनची मुदत संपली तेव्हा शोरूमचा फोन आला होता, तिसरा महिना पुरा झाल्यावर सांगतो असे त्यांनी कळवले आहे.